आकाशातले गाणे आणि खिशातले गाणे

पुण्याहून दौंडला जाणाऱ्या शटलमध्ये पूर्वी एक गोष्ट हमखास ऐकू येई. लोणी सुटले की डब्याच्या एका कोपऱ्यात टाळ निघत आणि केडगाव येईपर्यंत भजन चाले. नको असले तरी ते ऐकावे लागे, आणि महिन्याभरात पाठही होई. आता त्याच डब्यात प्रत्येकाच्या कानात आपापली बोंडे असतात. शेजारचा काय ऐकतो आहे हे आपल्याला कळत नाही. आणि ते गाणे कुठून येते आहे, हे ऐकणाऱ्यालाही ठाऊक नसते. मध्यंतरी खुटबावला जाताना माझ्या समोर बसलेल्या एका तरुणाचे गाणे उरुळी आणि यवतच्या मध्ये अचानक थांबले. त्याने मोबाइल दोनदा हलवून पाहिला आणि शांतपणे खिशात टाकला. "पॅक संपला," तो म्हणाला. पाऊस थांबला असे म्हणावे, तितक्याच सहजपणे. गाणे थांबले याचे त्याला वाईट वाटले नाही, कारण ते आपले आहे असे त्याला कधी वाटलेच नव्हते.

त्याच्याकडे पाहताना मला वीसेक वर्षांपूर्वीची आमच्या खुटबावच्या घराची ओसरी आठवली. साल २००६ असावे. आमचे चुलतबंधू, ज्यांना सारे दादा म्हणतात, रेल्वेतून निवृत्त होऊन गावी राहायला आले होते. दर डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला जायचे आणि पहाटेच्या गाडीने परतायचे, हे त्यांचे आयुष्यभराचे व्रत. गुडघ्यांनी ते मोडले, तेव्हा त्यांनी एक उपग्रह रेडिओ घरी आणला. वर्ल्डस्पेस. हातात धरता येईल एवढा संच आणि सोबत पुस्तकाच्या पुठ्ठ्याएवढी सपाट अँटेना. त्याच दिवाळीत आमचा पुतण्या पुण्याहून आगपेटीएवढा चिनी बनावटीचा एमपी-थ्री प्लेअर घेऊन आला. ओसरीवर दोन्ही यंत्रे शेजारी ठेवली गेली आणि फराळाबरोबर वाद रंगला.

"दादा, तुमच्या रेडिओवर पाहिजे ते गाणं लागतं का?" पुतण्या विचारी.

"पाहिजे ते नाही लागत, म्हणून तर घेतला," दादा म्हणत. "मला जे माहीतच नाही, ते मी मागणार कसं?"

मी तेव्हा बँकेत अधिकारी होतो. दोघांनीही निवाड्यासाठी माझ्याकडे पाहिले आणि मी बँकवाल्याप्रमाणे कागद मागितला. एका बाजूला संचाची किंमत, वर्षाची वर्गणी, अँटेना बसवण्याचा खर्च. दुसऱ्या बाजूला प्लेअरची किंमत, गाणी भरण्याचा खर्च, बॅटरीचे आयुष्य. उपग्रह रेडिओची वर्गणी त्या काळी वर्षाला दीड-दोन हजारांच्या घरात होती. दहा वर्षांत संचाच्या कितीतरी पट पैसे वर्गणीत जाणार आणि वर्गणी थांबली की हाती केवळ प्लास्टिकचा डबा उरणार. प्लेअर निदान गाणी धरून ठेवणार. भाड्याच्या घरापेक्षा मालकीची खोली बरी, या न्यायाने मी पुतण्याच्या बाजूने निकाल दिला. स्वतः मात्र काहीच घेतले नाही. बँकवाल्याला दुसऱ्याचे हिशोब करताना जी हिंमत असते ती स्वतःच्या खिशाशी येताच नाहीशी होते.

माझा तो निकाल अर्धा बरोबर होता. त्याचा बरोबर अर्धा भाग आणि चुकलेला अर्धा भाग, दोन्ही आज पुन्हा तपासावेत असे वाटते. कारण शटलमधल्या त्या तरुणाच्या हातातले यंत्र दिसते पुतण्याच्या प्लेअरसारखे, पण वागते दादांच्या रेडिओसारखे.

वर्ल्डस्पेसची कथा सुरू झाली ती संगीतापासून नव्हे. इथिओपियात जन्मलेले नोआ समारा हे वकील. आफ्रिकेतल्या खेड्यापाड्यांत एड्ससारख्या रोगांची माहिती पोहोचत नाही, वर्तमानपत्र जात नाही, दूरवरच्या लघुलहरी केंद्रांची खरखर तेवढी ऐकू येते. अशा जगासाठी थेट उपग्रहावरून स्वच्छ आवाज का पाठवू नये, या विचाराने त्यांनी १९९० साली कंपनी काढली. ऑक्टोबर १९९८ मध्ये 'आफ्रिस्टार' आणि मार्च २००० मध्ये 'एशियास्टार' असे दोन उपग्रह फ्रेंच गयानातील कुरू येथून आकाशात गेले. सुरुवातीचे संच हिताची, जेव्हीसी, पॅनासोनिक, सान्यो या जपानी कंपन्यांनी बनवले. पण ज्या गरीब श्रोत्यासाठी हे सारे उभारले त्याला तो संच परवडेना. आधी फुकट असलेल्या वाहिन्यांना मग वर्गणी लागली आणि ज्याच्याकडे वर्गणीचे पैसे होते असा श्रोता कंपनीला सापडला तो प्रामुख्याने भारतात. शेवटी शेवटी जगभर मिळून एक लाख सत्तर हजारांच्या आसपास वर्गणीदार होते आणि त्यांतले शंभरातले जवळजवळ शहाण्णव भारतीय होते. ए. आर. रहमान यांची संकेतधून, हिंदुस्थानी संगीताची चोवीस तास चालणारी 'गंधर्व' वाहिनी, कर्नाटक संगीताची 'श्रुती', जुन्या हिंदी गाण्यांची 'फरिश्ता'. मध्ये जाहिरातींचा गोंगाट नाही. आफ्रिकेतल्या रोगनिवारणासाठी निघालेले जहाज आमच्या ओसरीवर मल्लिकार्जुन मन्सूर उतरवून गेले, असे दादा गमतीने म्हणत.

आता या यंत्राला 'पोर्टेबल' म्हणत, त्याचा अर्थ पाहा. विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर, १०५ अंश पूर्व रेखांशापाशी, एशियास्टार थांबलेला होता. पुणे जिल्ह्यातून पाहिले तर तो पूर्व-आग्नेयेला, क्षितिज आणि माथा यांच्या साधारण मध्यावर येतो. अँटेनाने त्या दिशेला सरळ पाहिले पाहिजे. मध्ये पत्रा, स्लॅब, झाडाची दाट फांदी काहीही चालत नाही. दादांच्या ओसरीचे तोंड पश्चिमेला. मग गोठ्याच्या मेढीवर अँटेना, तिथून वायर खिडकीतून आत. दोन पावसाळ्यांत गोठ्याशेजारचे जांभूळ वाढले, तेव्हा दादा स्वतः शिडी धरून उभे राहिले आणि गड्याकडून फांद्या छाटून घेतल्या. वहिनी म्हणाल्या, "जांभळं खायची पोरांनी, का गाणं ऐकायचं तुम्ही?" संच खिशात घालून शेतावर नेला की मुका. शटलमध्ये तर बोलायलाच नको. उचलून नेता येत होता खरा, पण नेईल तिथे वाजत नव्हता. म्हैससुद्धा उचलून नेता येत नाही, पण नेली तिथे दूध देते, असे पुतण्याचे म्हणणे.

हा काही उपग्रह रेडिओचा जन्मजात दोष नव्हता. अमेरिकेत एक्सएम आणि सिरियस या कंपन्यांनी २००१-०२ मध्ये हाच उद्योग सुरू केला, तेव्हा उंच इमारतींच्या आड येणाऱ्या शहरांत त्यांनी जमिनीवर शेकडो पूरक प्रक्षेपक उभारले. उपग्रह दिसेना झाला की संच तो आवाज पकडे. पुढे २००४च्या अखेरीस खरोखर खिशात मावणारे, चालता चालता वाजणारे संच तिथे आले. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिथला श्रोता मोटारीत बसलेला होता. मोटारीच्या कारखान्यातच रेडिओ बसवून मिळे, वर्गणी गाडीच्या हप्त्यांत दिसेनाशी होई. दोन्ही कंपन्या तोट्यात बुडता बुडता २००८च्या जुलैत एक झाल्या आणि तगल्या. त्या मोटारीमुळे तगल्या, उपग्रहामुळे नव्हे. आपला श्रोता एसटीत, शटलमध्ये, दुचाकीवर किंवा बांधावर. त्याच्यासाठी जमिनीवरचे प्रक्षेपक हवे होते आणि त्यांना सरकारी परवानगी हवी होती. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २००५ साली उपग्रह रेडिओच्या धोरणाबाबत शिफारशी केल्या. कंपनी संपेपर्यंत धोरण काही ठरले नाही. त्याच वर्षी इस्रोच्या अँट्रिक्सने उपग्रहावरून मोबाइल संचांपर्यंत चित्र-ध्वनी नेण्यासाठी देवास कंपनीशी करार केला. तो २०११ मध्ये रद्द झाला, त्यावर खटले, लवाद, दिवाळे आणि सर्वोच्च न्यायालय असे सारे झाले. ते प्रकरण वेगळे आणि त्याची चर्चाही पुरेशी झाली आहे. इथे एवढेच नोंदवू की आकाशातून खिशापर्यंतचे शेवटचे शंभर फूट आपण दोनदा ओलांडायला निघालो आणि दोन्ही वेळा अडखळलो ते जमिनीवर.

दुसऱ्या यंत्राची कथा उलट दिशेची. तिचा आरंभ प्रयोगशाळेत. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या अभियंत्यांनी आपल्या कानाला जे ऐकूच येत नाही ते आवाजातून गाळून टाकण्याची युक्ती पक्की केली. त्यामुळे एका मिनिटाचे गाणे सुमारे एका मेगाबाइटमध्ये बसू लागले. गंमत अशी की वर्ल्डस्पेसचा आवाजही याच एमपी-थ्रीच्या कुळातल्या पद्धतीने दाबून आकाशात पाठवला जाई. म्हणजे ओसरीवर भांडणारी ती दोन यंत्रे सख्खे भाऊ होती! १९९८ मध्ये पहिले खिशातले प्लेअर बाजारात आले, त्यांतल्या 'रिओ'वर अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी दावा लावला आणि १९९९ मध्ये त्या हरल्या. २००१च्या ऑक्टोबरात अ‍ॅपलने आयपॉड आणला. पाच गिगाबाइट, हजार गाणी, ३९९ डॉलर. पुढे एक्सएमच्या खिशातल्या संचात गाणे ध्वनिमुद्रित करून ठेवण्याची सोय आली, तेव्हा २००६ मध्ये त्याच कंपन्यांनी पुन्हा दावा लावला. त्यांची तक्रार ध्यानात घेण्यासारखी आहे. हा रेडिओ राहिलेला नाही, हे दुकान झाले, असे त्या म्हणत होत्या. ऐकवणे वेगळे आणि देणे वेगळे. भांडण नेहमी या रेषेवरच झाले आहे.

आमच्या भागात आयपॉड कुणाजवळ पाहिल्याचे मला आठवत नाही. इथे जो जिंकला तो ना उपग्रह ना आयपॉड. जिंकले नखाएवढे मेमरी कार्ड. नव्वदच्या दशकात सुशिक्षित बेकारांच्या योजनेतून मी ज्या शाखेत होतो तिथे एका मुलाला कॅसेट भरून देण्याच्या दुकानासाठी कर्ज मंजूर केले होते. गिऱ्हाईक वहीच्या पानावर गाण्यांची यादी आणी, तो साठ मिनिटांत बसतील तेवढी भरून देई. कर्ज फिटले, दुकान राहिले, माल बदलत गेला. कॅसेटच्या जागी सीडी, मग २००८च्या सुमारास काउंटरवर एक संगणक आणि बाहेर पाटी: 'मेमरी कार्ड भरून मिळेल'. चार गिगाबाइटच्या कार्डात आठशे गाणी, म्हणजे जवळपास सत्तर तास. यादी आणायची गरजच उरली नाही. "काय टाकू? भक्तिगीतं, लावण्या, नवीन हिंदी, का मिक्स?" तो विचारी. गिऱ्हाईक बहुधा 'मिक्स' म्हणे. मग ते कार्ड मोबाइलमध्ये, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या टेपमध्ये, गुऱ्हाळावरच्या डब्यात. तुकोबांची पालखी यवत-वरवंडच्या मुक्कामाला येते, तेव्हा वारकऱ्याच्या खांद्याला अडकवलेल्या पेटीतही तेच. आमच्या जवळच चौफुल्याला लावणीची कला केंद्रे आहेत. तिथे गाणाऱ्या बाईच्या आवाजाचे जे पैसे बैठकीत मिळत ते मिळत, पण त्याच ढंगाच्या लावण्या सत्तर तासांच्या कार्डात गेल्या, तेव्हा गाणाऱ्याला, वाजवणाऱ्याला, लिहिणाऱ्याला त्यातला एक पैसाही पोहोचला नाही. या साऱ्या व्यवहारात मालकी होती, सोय होती, स्वस्ताई होती. फक्त कायदा नव्हता. आणि त्याबद्दल कुणाला काही वाटतही नव्हते, हे कर्ज मंजूर करणाऱ्याने तरी लपवू नये.

पण त्या दुकानदाराने एक मोठे काम नकळत केले. काय ऐकावे, हे तो ठरवत होता. निवडीचे काम यंत्र करीत नाही, कुणीतरी माणूस करतो. रेडिओचे सारे मोल या एका गोष्टीत आहे आणि माझ्या त्या दिवशीच्या कागदावर तिला रकानाच नव्हता.

पुणे आकाशवाणीने १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, गीतरामायण सुरू केले. माडगूळकरांची शब्दरचना, फडक्यांचे संगीत, आठवड्याला एक नवे गीत, वर्षभरात छप्पन्न. ते ऐकणाऱ्यांपैकी कुणीही तशी मागणी केलेली नव्हती. मागणी करावी असे काही असते हेच माहीत नव्हते. पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, याच पुणे केंद्रावरून पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग झाला. युनेस्कोचे साह्य होते. गावातली निवडक माणसे एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करीत आणि शंका लिहून केंद्राला कळवीत. व्यंकटेश माडगूळकरांसारखा लेखक त्या केंद्राच्या ग्रामीण विभागात वर्षानुवर्षे काम करीत होता. हे सारे फुकट नव्हते. रेडिओला परवाना लागे, त्याची फी दरसाल पोस्टात भरावी लागे. आमच्या वडिलांचे ते पुस्तक मी लहानपणी पाहिले आहे. ऐंशीच्या दशकात ती फी बंद झाली. म्हणजे वर्गणी ही काही वर्ल्डस्पेसने आणलेली नवलाई नाही. फरक इतकाच की पोस्टातल्या वर्गणीच्या पलीकडे एक सरकार उभे होते, आणि सरकार कितीही सुस्त असले तरी नॅसडॅकवर त्याचा भाव खाली-वर होत नाही. वर्ल्डस्पेसचा समभाग ऑगस्ट २००५ मध्ये एकवीस डॉलरला विकला गेला होता. तीन वर्षांत तो डॉलरच्याही खाली घसरला आणि ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घेतला. अशा वेळी आगाऊ वर्गणी भरणारा माणूस ग्राहक राहत नाही. तो विनातारण धनको होतो आणि अशा धनकोला रांगेत कुठे उभे करतात, ते बँकेत तीस वर्षे काढलेल्याला सांगावे लागत नाही.

भारतातली सेवा ३१ डिसेंबर २००९ला बंद होणार, असे कंपनीने कळवले. दादांची वर्गणी नेमकी त्याच महिन्यात संपत होती, त्यामुळे देण्याघेण्याचा प्रश्न नव्हता. त्या रात्री पौर्णिमा होती आणि मध्यरात्रीनंतर खंडग्रास चंद्रग्रहण. आमची तिमाहीअखेर असल्याने मी शाखेत उशिरापर्यंत अडकलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. "शेवटपर्यंत बसणार होतो रे," दादा म्हणाले, "पण वहिनीनं ग्रहणाच्या आधी जेवायला उठवलं, मग डोळा लागला. उठलो तेव्हा गेलेलं होतं." मी सहानुभूतीने काहीतरी बोललो. मनात मात्र, खोटे कशाला सांगू, कागदावरचा माझा निकाल खरा ठरल्याचे समाधान होते.

ते समाधान पुढे टिकले नाही. दादा दररोज जे ऐकत ते शंभर पानी वहीत टिपून ठेवीत. तारीख, वेळ, गायक, राग, आणि क्वचित एखादा शेरा. 'द्रुत फार घाईत.' 'हे पूर्वी कसे ऐकले नाही?' अशा साडेतीन वह्या झाल्या. २०१४ मध्ये दादा गेल्यानंतर त्या मी चाळल्या तेव्हा लक्षात आले की त्यांतली निम्म्याहून अधिक नावे मला ऐकूनही माहीत नव्हती. आणि मी स्वतःला संगीतातला जाणकार समजत होतो! तीन वर्षांची वर्गणी पाच-सहा हजार रुपये झाली असेल. मी ती वाचवली, आणि त्या वाचवलेल्या पैशांचे मी काय केले, हे मला आठवत नाही. दादांनी ती खर्च केली आणि त्यांनी तिचे काय केले याचा साडेतीन वह्यांचा पुरावा माझ्यासमोर होता. भाडे हा निव्वळ तोटा असतो असे मानणारा माणूस घरात राहणे ही गोष्ट हिशोबात धरत नाही.

म्हणून आज हा प्रश्न पुन्हा तपासताना मी दोन रकाने वेगळे काढतो: कोण निवडतो आणि कोण जपतो. उपग्रह रेडिओत निवडणारा जाणकार होता, जपणारा कुणी नव्हता. प्लेअरमध्ये जपणारे आपण होतो, पण निवडही आपलीच, म्हणजे जे ठाऊक ते पुन्हा पुन्हा. आता मोबाइलवर वर्गणी भरून ऐकण्याची जी पद्धत रूढ झाली आहे तिने काय केले? निवड यंत्राकडे दिली. तुम्ही काल जे ऐकलेत त्यासारखेच आज ऐकवायचे, असा त्याचा बाणा. आणि जपणे कंपनीकडे दिले. 'रेसो' ही सेवा भारतात ३१ जानेवारी २०२४ला बंद झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एअरटेलने 'विंक' गुंडाळत असल्याचे जाहीर केले. लोकांनी वर्षानुवर्षे जमवलेल्या याद्या त्यांत होत्या. 'डाउनलोड' हा शब्द मोठा फसवा आहे. गाणे आपल्या मोबाइलमध्ये उतरलेले असते, पण त्याचे कुलूप दुसऱ्याच्या हाती. दादांच्या रेडिओने कधी गाणे 'तुमचे' असल्याचा आव आणला नव्हता, एवढा प्रामाणिकपणा त्याच्यात होता.

अ‍ॅपलने मे २०२२ मध्ये आयपॉडचे उत्पादन थांबवले. पण ज्यांच्याजवळ तो आहे आणि बॅटरी जिवंत आहे, त्यांची गाणी त्या दिवशी थांबली नाहीत. बंद पडणे आणि बंद केले जाणे यांतला फरक तो हाच. आणि आपल्याकडे २०१७ साली सारेगामाने जुन्या रेडिओच्या रूपातला, पाच हजार गाणी आत भरलेला 'कारवां' बाजारात आणला तो घरोघरच्या आजी-आजोबांनी उचलून धरला. त्याचे कारण आठवणींचा सोस एवढेच नव्हे. त्याला रिचार्ज लागत नाही, अँटेना लागत नाही, आणि निवडही कुणी जाणत्याने आधीच करून ठेवलेली असते. खुटबावात मी तो दोन घरांत पाहिला आहे, दोन्हीकडे देवघराजवळ.

मात्र हे सारे गाण्यापुरते झाले. बातमी, पावसाचा अंदाज, बाजारभाव, धरणातून पाणी सोडल्याचा इशारा कार्डात भरून ठेवता येत नाही. त्यासाठी प्रक्षेपणच लागते, आणि ते पॅक संपल्यावरही चालू राहणारे लागते. मुठा-भीमेच्या काठच्या गावांना हे पुराच्या वर्षी समजावून सांगावे लागत नाही. आकाशवाणीने मध्यलहरीचे जुने प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतले. तीन डझनांच्या आसपास प्रक्षेपकांना डिजिटल पद्धतीची जोड दिली, पण ते ऐकण्याचे संच सामान्य माणसाच्या आवाक्यात आलेच नाहीत. वर्ल्डस्पेसची चूक सरकारी खर्चाने पुन्हा केल्यासारखे ते झाले: आकाश तयार, कान तयार नाहीत. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने मोबाइल बनवणाऱ्यांना सूचना केली की संचातला एफएम रेडिओ चालू ठेवा. सूचनाच ती, सक्ती नव्हे. अनेक महागड्या मोबाइलमधून तो रेडिओ केव्हाच नाहीसा झाला होता. प्रसार भारती आणि कानपूरच्या आयआयटीने मोबाइलवर थेट प्रक्षेपण पकडण्याच्या चाचण्याही केल्या आहेत. मला त्यातले तंत्र पुरते कळत नाही, पण कोणत्या बाजूला उभे राहायचे ते कळते. इंटरनेटचे पैसे न भरता ऐकू येणारा एक सार्वजनिक आवाज प्रत्येक मोबाइलमध्ये असला पाहिजे आणि तो सूचनेवर न सोडता नियमात बसवला पाहिजे. आणि पैसे देऊन घेतलेले गाणे, दुकान बंद पडले तरी घेणाऱ्याजवळ राहिले पाहिजे. मेमरी कार्डाच्या काळात ते राहत होते, पण गाणारा उपाशी होता. आता गाणाऱ्याला निदान काही पैसे पोहोचतात, तर घेणाऱ्याच्या हाती काही राहत नाही. दोन्ही एकदम साधणे तंत्राला अवघड नाही. पण ते कंपन्यांच्या सोयीचे नाही, हे उघड आहे.

मध्यंतरी पुतण्याने दादांच्या वह्या मागून नेल्या. त्याचे वय आता चाळिशीपुढे. त्याने एकेक नोंद घेऊन ध्वनिमुद्रणे शोधली, काही विकत घेतली, काही यूट्यूबवर सापडली. ती बत्तीस गिगाबाइटच्या कार्डात, वहीतल्याच क्रमाने, तारखेवार भरली. "काका, बाराशे नोंदींपैकी साडेआठशे मिळाल्या," तो सांगत होता. "बाकीच्या कुठंच नाहीत." त्या बहुधा कुठल्यातरी संग्रहातून फक्त त्या वाहिनीवर वाजल्या असाव्यात. वहीचे शेवटचे लिहिलेले पान त्याने मला दाखवले. ३१ डिसेंबर २००९, रात्री साडेनऊ. राग बागेश्री. गायकाच्या नावापुढे जागा कोरी. दादा मध्येच ऐकायला बसले असणार आणि शेवटी नाव सांगतील म्हणून थांबले असणार. ते कार्ड त्याने माझ्या जुन्या मोबाइलमध्ये घालून दिले. परतीच्या शटलमध्ये मी ते लावले. केडगावहून चढलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी खूण करून विचारले, तेव्हा मी कानातले एक बोंड त्यांना दिले, आणि उरुळीपर्यंत आम्ही दोघांनी २००७चा फेब्रुवारी ऐकला.